मोटारसायकलचा हॉर्न : दोन लावले म्हणजे दुप्पट ऐकू येईल का?

चाळीसगावहून कन्नडकडे निघाले की औट्रम घाट लागतो. सगळे त्याला कन्नडचा घाट म्हणूनच ओळखतात. घाटातल्या आंधळ्या वळणावर पलीकडून येणारे वाहन दिसत नाही. दोन चालकांमध्ये संवाद होतो तो हॉर्ननेच. त्यामुळे या रस्त्याने रोज मोटारसायकल चालवणाऱ्याला आपला हॉर्न मिणमिणता वाटू लागला, तर तो गॅरेजात जाऊन मोठ्या आवाजाची जोडी बसवून घेतो. यात वावगे काही नाही. पण या साध्या कामात नववी-दहावीचे बरेचसे विज्ञान दडले आहे, आणि ते समजून घेतले नाही तर पैसे खर्चूनही हाती फारसे काही लागत नाही. म्हणून आपण या हॉर्नकडे जरा बारकाईने पाहू.

शाळेतल्या विजेच्या घंटेचा भाऊ

मोटारसायकलचा चपटा हॉर्न म्हणजे प्रयोगशाळेतल्या विजेच्या घंटेचेच दुसरे रूप. आत एक विद्युतचुंबक असतो आणि त्याच्यासमोर पोलादी पत्र्याचा पडदा. बटण दाबले की प्रवाह सुरू होतो आणि चुंबक पडद्याला ओढतो. पडदा ओढला गेला की तोच एक संपर्क तोडतो, प्रवाह थांबतो, पडदा मागे जातो आणि संपर्क पुन्हा जुळतो. हे सेकंदाला सुमारे 400 ते 500 वेळा घडते. घंटेत टोला वाटीवर पडतो, येथे पडदाच हवेला हलवतो.

जोडीतला एक हॉर्न साधारण 400 हर्ट्झचा आणि दुसरा 500 हर्ट्झचा असतो. हे 4:5 असे प्रमाण पेटी वाजवणाऱ्याला लगेच ओळखू येईल. ते षड्ज आणि शुद्ध गंधार यांचे प्रमाण आहे.

आवाजाचे गणित

एकाच्या जागी तसेच दोन हॉर्न लावले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. परंतु आपला कान बेरजेने नव्हे, पटीने मोजतो. म्हणून ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये सांगतात. ऊर्जा दुप्पट झाली की पातळी केवळ 3 डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे 10 डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट ऊर्जा लागते. म्हणजे दुप्पट आवाजासाठी दोन नव्हे, दहा हॉर्न!

मग 3 डेसिबल निरुपयोगी का? तसे नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी 6 डेसिबलने उतरते. या हिशेबाने 3 डेसिबलची वाढ ऐकू येण्याचे अंतर सुमारे 1.4 पट करते. समजा, पहिला हॉर्न समोरच्या चालकाला 30 मीटरवरून ऐकू येत होता. आता तो 42 मीटरवरून येईल. घाटात दोन्ही वाहने ताशी 30 किलोमीटरने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला 16.7 मीटरने घटते. वाढलेले 12 मीटर म्हणजे सुमारे 0.7 सेकंद. ब्रेकवर पाय जायलाच एखादा सेकंद लागतो, हे लक्षात घेतले तर ही मिळकत लहान आहे, पण खरी आहे.

जोडीचा आणखी एक फायदा आहे. 400 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 85 सेंटीमीटर असते. असा लांब तरंग डोंगराच्या कोपऱ्यावरून चांगला वळतो. 3000 हर्ट्झचा तरंग जेमतेम 11 सेंटीमीटरचा. तो कमी वळतो, पण कान त्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि इंजिनाच्या घरघरीतून तो वेगळा उमटतो. हॉर्नमधून मूळ स्वराबरोबर असे चढे स्वरही निघतात, म्हणून तो दोन्ही कामे करतो.

चोर तारेत असतो

आता ओहमचा नियम लावू. बॅटरी 12 व्होल्टची, हॉर्नचा रोध ढोबळमानाने 4 ओहम. तार आणि बटण निर्दोष असतील तर 3 अँपिअर प्रवाह वाहील आणि हॉर्नला 36 वॉट मिळतील. पण तार बारीक आहे, जोड गंजले आहेत आणि बटणाचे संपर्क ठिणग्यांनी काळे पडले आहेत. या सर्वांचा रोध अर्धा ओहम धरा. आता प्रवाह 2.7 अँपिअर होतो, हॉर्नपाशी 10.7 व्होल्टच पोचतात आणि त्याला 28 वॉट मिळतात.

याच तारेवर दोन हॉर्न समांतर जोडले, तर प्रवाह 4.8 अँपिअरवर जातो, हॉर्नपाशी 9.6 व्होल्ट उरतात आणि प्रत्येकाला 23 वॉट मिळतात. म्हणजे नवी जोडी अर्धपोटी राहते. शिवाय आधीच काळ्या पडलेल्या बटणावर जवळजवळ दुप्पट प्रवाहाचा भार येतो.

यावर उपाय रिले. मुख्याध्यापक स्वतः घंटा बडवत नाहीत; ते खूण करतात आणि शिपाई टोला देतो. रिले हा तसा शिपाई आहे. बटणातून फक्त त्याच्या वेटोळ्यापुरता, अँपिअरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका, प्रवाह जातो. हॉर्नचा मोठा प्रवाह बॅटरीपासून जाड तारेने, फ्यूजमधून आणि रिलेच्या संपर्कातून थेट येतो. फ्यूज बॅटरीजवळच हवा. नाहीतर तार घासून सांगाड्याला टेकली तर ती पेट घेऊ शकते.

म्हणून नवा हॉर्न घेण्याआधी बटण दाबून धरावे आणि हॉर्नच्या दोन टोकांवर व्होल्टमापक लावावा. बॅटरीच्या टोकांपेक्षा येथे दीड-दोन व्होल्ट कमी दिसले, तर दोष हॉर्नचा नाही. जोड घासून साफ करावेत आणि जमिनीची तार नीट आवळावी. पुष्कळदा जुनाच हॉर्न खणखणीत वाजू लागतो.

ज्यांना नको, त्यांनाही ऐकू येते

एखाद्या हॉर्नची पातळी 2 मीटरवर 110 डेसिबल धरा. अंतर सहा वेळा दुप्पट केले की आपण 128 मीटरवर पोचतो आणि पातळी 74 डेसिबल उरते. काचा लावलेल्या, इंजिन घरघरणाऱ्या गाडीतला चालक ती ऐकणारच नाही. पण खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात मुलांना ती स्पष्ट ऐकू येईल आणि गुरुजींचे वाक्य तुटेल. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचे 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येते. तेथे दिवसाची मर्यादा 50 डेसिबल आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एकामागून एक निरनिराळे स्वर काढणारे आणि कर्कश हॉर्न वर्ज्य आहेत. विनाकारण किंवा शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी 1000 रुपये आणि पुढे 2000 रुपये दंड आहे.

करून पहा

मैदानावर एका विद्यार्थ्याला घड्याळाचा गजर घेऊन उभे करा. दुसऱ्याने डोळे मिटून, मित्राचा हात धरून, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मागे जायचे. पावले मोजा. मग तसेच दोन गजर एकदम लावून पुन्हा मोजा. पावले दुप्पट झाली, की दीडपटीच्या आतच राहिली? वारा आणि आजूबाजूचा गलबला यांमुळे आकडे थोडे हलतील, म्हणून प्रयोग चार-पाच वेळा करून सरासरी काढावी. त्यानंतर 3 डेसिबलचे गणित फळ्यावर मांडले, तर ते मुलांना पाठ करावे लागणार नाही.