पाठ राखून : पहाटेचा हंडा

फरशी पुसण्याबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. फरशी थांबेल. भिवंडीतल्या कामतघरहून एका ताईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की तो बाजूला ठेवून पोछ्याकडे वळणं मला जमलं नाही. त्या लिहितात : पाणी पहाटे साडेचारला येतं. अंथरुणातून उठते ती थेट नळावर. हंडे भरून झाले की दिवसभर कंबर धरलेली. पण कधी संध्याकाळी टँकर आला आणि तेच हंडे उचलले, तर काही होत नाही. मग दोष वजनाचा की वेळेचा?

वेळेचा, ताई. निदान अर्धा तरी.

दोन मणक्यांच्या मधे उशीसारखी एक चकती असते. दिवसभर आपल्या भाराखाली ती थोडं थोडं पाणी सोडत राहते. रात्री आपण आडवे झालो की तेच पाणी परत ओढून घेते आणि भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी टरारते. म्हणूनच सकाळी आपण रात्रीपेक्षा दीडेक सेंटिमीटर उंच असतो. जर्मनीतल्या उल्म इथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाब मोजणारं उपकरण बसवलं होतं. १९९९ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसतं, की सात तासांच्या विश्रांतीत चकतीतला दाब दुपटीहून जास्त वाढला, तोही काडीही न उचलता. अशा टरारलेल्या चकतीसह कमरेत वाकलं की चकतीवर आणि मागच्या ताणलेल्या बंधांवर दुपारपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. अंतराळवीरांचंही असंच होतं. भार नसल्यामुळे त्यांच्या चकत्या फुगत असाव्यात; त्यांची उंची वाढते, पाठ दुखते आणि पृथ्वीवर परतल्यावर चकती सरकण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

समाधानाची गोष्ट अशी, की दिवसभरात जेवढी उंची घटते त्यातली जवळजवळ निम्मी उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच घटते. अमेरिकेत स्नूक यांनी जुनी कंबरदुखी असलेल्या माणसांना एवढंच सांगितलं, की सकाळचे पहिले काही तास कमरेत वाकू नका. दुखणं कमी झालं. हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी नाही, पट्टा नाही, खर्च शून्य. मला तो फार आवडतो.

पण भिवंडीचा नळ तासभर थांबत नाही. मुंबईचं बरंचसं पाणी पिसे-पांजरापूरला, म्हणजे आमच्याच तालुक्यात, उचलून शुद्ध होतं. आणि भिवंडीतल्या गल्लीत बाई पहाटे बारीक धारेखाली कळशी धरून बसते. साडेचारला उठणाऱ्या बाईला ‘अर्धा तास आधी उठा’ असा सल्ला देण्याइतका मी निर्लज्ज नाही. तेव्हा वाकणंच कसं टाळायचं ते बघू.

खरा शत्रू नळाखालचा खड्डा. पाण्याला जोर कमी म्हणून लोक नळ खाली घेतात, त्याखाली हंडा मावेल एवढं खणतात. म्हणजे पंधरा-वीस लिटरचा हंडा, तेवढेच किलो, जमिनीच्याही खालून उचलायचा. उल्मच्या मोजणीत वीस किलो पाठ वाकवून उचलताना चकतीतला दाब नुसतं उभं राहण्याच्या साडेचार पट झाला. गुडघे वाकवून उचलताना साडेतीन पटीच्या आत राहिला. तेच वजन पोटाशी धरलं तर दुपटीच्या थोडं वर, हात लांब करून धरलं तर साडेतीन पट. खड्ड्यात गुडघे वाकवायला जागा नसते आणि हंडा पोटाशीही येत नाही. दोन्ही चुका एकदम, त्याही टरारलेल्या चकतीवर. उसण भरणारच.

म्हणून हंडा खड्ड्यात उतरवूच नका. रात्रीच नळाशेजारी एक भक्कम स्टूल मांडा आणि रिकामा हंडा त्यावर ठेवा. खड्ड्यात फक्त पाच-सहा लिटरची कळशी. गोणपाटावर एक गुडघा टेकून ती काढायची, हंड्यात ओतायची. खेपा वाढतील, पण वाकणं जवळजवळ संपेल. भरलेला हंडा स्टुलावरून थेट पोटाशी घ्यायचा. पिंपात ओतताना कमरेतून वळू नका, पावलं वळवा. धारेला जोर असेल तर सरळ नळी लावा, हंड्याची भानगडच नको.

कळशी कमरेवर घेत असाल तर कड बदलत राहा. एकाच कडेवर रोज घेणारीचा कणा रोज एकाच बाजूला झुकतो. चुंबळीवरचा हंडा पाठीला त्यामानाने सोसतो, त्याची किंमत मान मोजते. मानेबद्दल स्वतंत्रपणे लिहीन.

आणि घरातला पुरुष झोपलेला असेल तर त्याला उठवा. मात्र हेच नियम त्यालाही, कारण त्याची चकतीही तेवढीच फुगलेली असते.

दुखणं पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

फरशी पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर पत्र लिहिणाऱ्यांनी एक करावं : आपल्या नळाची तोटी जमिनीपासून किती इंच वर किंवा खाली आहे ते मोजून कळवावं.