छोटं बाथरूम, कमी खर्च : आधी उतार बघा, मग टाईल्स

सोयाबीनचे पैसे हातात आले की गावात घराची कामं निघतात. कुणी पत्रे बदलतं, कुणी ओटा बांधतं, तर बऱ्याच घरांत बाथरूमचा नंबर लागतो. जागा चार बाय सहाची आणि बजेट पंधरा-वीस हजारांचं. एवढ्यात काय होतं, असं अनेकांना वाटतं. बरंच होतं, पण पैसे कोणत्या क्रमानं खर्च करायचे ते आधी कळलं पाहिजे. आमच्या घरी हा क्रम चुकला होता. त्याची किंमत आईनं मोजली, म्हणून आज हे लिहितोय.

धाकट्या भावाच्या लग्नाआधी आम्ही बाथरूम नवं केलं. हॉलच्या चकचकीत फरशीचे तुकडे उरले होते, तेच खाली बसवले. भिंतीला फुलाफुलांच्या टाईल्स लावल्या. पाहुणे बघून खूश झाले. पण फरशीला उतार नीट नव्हता. कोपऱ्यात पाणी साचायचं, साबण तिथंच राहायचा. आई दोन-तीन वेळा म्हणाली, "बाबा, इथं पाय निसटतोय रे." मी म्हणायचो, पुढच्या सुगीला बघू. पुढची सुगी यायच्या आत आई त्याच कोपऱ्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन महिने ती खाटेवर होती. दवाखान्याला जेवढा पैसा लागला तेवढ्यात तसली कितीतरी बाथरूमं झाली असती.

नंतर तेच बाथरूम पुन्हा फोडून केलं. दुसऱ्या वेळी जे शिकलो ते खाली क्रमानं देतोय.

१) पाणी कुठं जातंय ते बघा

काम काढायच्या आधी बाथरूममध्ये एक बादली पाणी ओता आणि पाच मिनिटं थांबा. पाणी कुठं थांबतं, दाराकडं येतं का, जाळीतून किती वेळात जातं, हे नीट बघून घ्या. पोरांची एक गोटी फरशीवर ठेवली तरी कळतं. ती जाळीकडं गेली पाहिजे.

फरशीला साधारण पाच फुटाला एक इंच उतार असावा. यापेक्षा कमी दिला तर पाणी रेंगाळतं, फार जास्त दिला तर उभं राहताना तोल जातो. मिस्त्रीला "उतार दे" एवढंच सांगून भागत नाही. त्याला लेव्हलची नळी लावायला सांगा आणि भिंतीवर पेन्सिलनं खूण करून घ्या.

बाथरूमची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा इंचभर खाली ठेवा, म्हणजे पाणी घरात येत नाही. काही घरांत चार-चार इंचाचा उंबरा करतात. त्याला म्हातारी माणसं अडखळतात, तो टाळा.

२) ट्रॅप आणि पाईप

पाणी जिथं जातं तिथल्या जाळीखाली न्हाणी ट्रॅप बसवतात. त्यात कायम दोन इंच पाणी भरून राहतं. ते पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. वास येत असेल तर आधी ट्रॅप कोरडा पडलाय का बघा, तांब्याभर पाणी ओता. काही ठिकाणी पैसे वाचवायला ट्रॅपच बसवत नाहीत, सरळ पाईप काढतात. दोन-तीनशे रुपये वाचतात आणि वास जन्मभर राहतो.

नळाच्या पाईपचंही ध्यानात ठेवा. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाईप लागतो. साधा पांढरा पीव्हीसी गार पाण्याचा आहे. सोलरचं गरम पाणी त्यातून नेलं तर तो वाकतो, सांधे सुटतात आणि भिंत आतून भिजते.

३) ओल अडवा

भिंतीचा रंग फुगतो, पापुद्रे पडतात, बाजूच्या खोलीत ओल येते. यावर पुन्हा रंग मारून काही होत नाही. फरशी काढलीच आहे तर टाईल्स बसवायच्या आधी सिमेंटमध्ये मिसळून लावायचं वॉटरप्रूफिंग घ्या. त्याचे दोन हात द्या, फरशीवर आणि चारी भिंतींना फूटभर उंचीपर्यंत. कोपरे आणि पाईपभोवतीची जागा सोडू नका. ओल तिथूनच शिरते.

कोट वाळला की जाळीचं तोंड बांधून फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास भरून ठेवा. बाहेरून कुठं ओल दिसली नाही तरच टाईल्स बसवा. या एका दिवसासाठी मिस्त्री कुरकुर करतो, पण तुम्ही हलू नका.

४) टाईल्स पायानं निवडा

दुकानात लाईटखाली चकचकीत टाईल छान दिसते. बाथरूमच्या फरशीला तीच सगळ्यात वाईट. खाली खरबरीत, मॅट म्हणजे अँटी-स्किड टाईल घ्या. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक माल गुजरातच्या मोरबीहून येतो. एकाच भावात चकचकीत आणि खरबरीत दोन्ही मिळतात. दुकानदाराकडून पाणी मागून घ्या, टाईल ओली करा, चप्पल काढून त्यावर पाय घासून बघा. यात लाजायचं काही नाही. बैल घेताना दात बघतोच की आपण.

फरशीला बारा बाय बारा इंचाची किंवा त्याहून छोटी टाईल बरी. मोठ्या टाईलला उतार देताना जास्त कापावं लागतं. छोट्या टाईलला सांधेही जास्त येतात, पायाला पकड मिळते.

भिंतीला वरपर्यंत टाईल्स लावायची गरज नसते. आपण बहुतेक जण बसून, बादलीनं अंघोळ करतो. पाणी चार फुटांपर्यंतच उडतं. चार बाय सहाच्या खोलीत दार सोडून चार फुटांपर्यंत साधारण ७० चौरस फूट टाईल लागते. सात फुटांपर्यंत लावली तर १२० च्या वर जाते. वर गुळगुळीत प्लास्टर आणि चांगला रंग पुरतो. शॉवर असेल तर मात्र ती एक बाजू वरपर्यंत घ्या.

जुन्या भिंतीच्या टाईल्स पक्क्या असतील, ठोकून पोकळ आवाज येत नसेल, तर त्या काढू नका. आम्ही फुलाफुलांच्या तशाच ठेवल्या, फक्त सांधे नव्यानं भरले.

"जुन्या फरशीवरच केमिकलनं नवी टाईल चिकटवू, फोडायचा खर्च वाचेल," असं मिस्त्री सुचवतो. उतार आधीच बरोबर असेल तर चालतं. उतार चुकलेला असेल तर जुनीच चूक नव्या टाईलखाली झाकली जाते. शिवाय फरशी वर येते आणि दार अडकतं.

शहाबादी फरशी असेल तर ती काढायची घाई करू नका. घासून गुळगुळीत झाली असेल तर पाट्या-वरवंट्याला टाकी लावतात तशी टाकी मारून घ्या. एका दिवसाच्या मजुरीत फरशी पुन्हा खरबरीत होते.

५) दार, दांडा, उजेड

दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर पडलेल्या माणसामुळं ते ढकलता येत नाही. आमची आई पडली तेव्हा नेमकं हेच झालं. बिजागरी तोडून आत जावं लागलं. आता कडीही अशी आहे की वेळ पडली तर बाहेरून काढता येते. लाकडी दार खालून कुजतं, पीव्हीसीचं टिकतं.

धरायला दोन दांडे बसवा. एक दाराजवळ, एक बसून उठायच्या जागी. उंची अडीच ते पावणेतीन फूट. टॉवेल टांगायची दांडी वजन पेलत नाही, ती उपटून हातात येते. वेल्डिंगच्या दुकानातून स्टीलच्या पाईपचा दांडा करून घ्या आणि विटेच्या भिंतीत लांब बोल्ट मारून बसवा. बसवल्यावर स्वतः लटकून बघा. आत एक पक्का, रबरी पायांचा स्टूल ठेवा.

उजेडाला नऊ वॅटचा एलईडी पुरतो. बटण बाहेर ठेवा, म्हणजे ओल्या हातानं हात लागणार नाही. वर एक झरोका किंवा काचेच्या पट्ट्यांची खिडकी हवीच. हवा खेळली तर फरशी वाळते आणि शेवाळ धरत नाही.

६) जिवाशी खेळ नको

पाणी तापवायच्या सोयीत कसर करू नका. गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत लावू नका. आतली हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर मोकळ्या जागेत, फक्त पाईप आत. बंबाचंही तेच, तो अंगणातच बरा.

बादलीत रॉड टाकत असाल तर आधी प्लग काढा, मग पाण्याला हात लावा. घराला अर्थिंग आहे का ते वायरमनला तपासायला सांगा आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळू लागला की तो क्षणात लाईन तोडतो.

बोअरच्या क्षारानं टाईल्स पांढऱ्या पडतात, म्हणून लोक ॲसिड मारतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. ॲसिडनं टाईल्सचे सांधेही खाल्ले जातात. आठवड्याला लिंबाची सालं किंवा व्हिनेगर घासलं तर ॲसिडची वेळ येत नाही.

आमचं बिल

फक्त फरशी, दार आणि लाईट बदलली. भाव तालुक्याच्या मार्केटचे, तुमच्याकडं थोडे कमी-जास्त होतील.

- फरशीच्या टाईल्स (२७ चौरस फूट) : १,१५० रुपये
- मिस्त्री आणि एक मजूर, तीन दिवस : ४,५०० रुपये
- सिमेंट आणि वाळू : १,७०० रुपये
- वॉटरप्रूफिंग : १,२०० रुपये
- ट्रॅप, जाळी, पाईप : ९०० रुपये
- पीव्हीसी दार, चौकटीसह : २,८०० रुपये
- दोन दांडे : ७०० रुपये
- लाईट, वायर, आरसीसीबी, वायरमनची मजुरी : २,५०० रुपये
- दोन नळ : ६०० रुपये
- काचेच्या पट्ट्यांची खिडकी : ४५० रुपये

एकूण १६,५०० रुपये. यात दिसणारी टाईल अकराशे पन्नासची आहे. बाकी पैसा जिथं गेला ते पाहुण्यांना दिसत नाही.

काम तीनच दिवसांचं, पण वाळण्या-भिजवण्यात आठ-दहा दिवस जातात. तेवढे दिवस घरातल्या बायकांची सोय आधी करा. आम्ही परसात बांबू रोवून ताडपत्रीचा आडोसा केला होता. मिस्त्री सामान बांधायच्या आत त्याच्यासमोर फरशीवर बादली ओता. उतार चुकला असेल तर तेव्हाच दुरुस्त होतो.

सांडपाण्याचं काय?

बाथरूमचं पाणी संडासच्या खड्ड्यात सोडू नका, खड्डा लवकर भरतो. रस्त्यावरही नको, डास होतात आणि शेजाऱ्याशी भांडणं होतात. तीन-चार फूट लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा घ्या. खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, खडी. विहीर किंवा बोअरपासून किमान तीस फूट लांब ठेवा. नांदेड जिल्ह्यात अशा शोषखड्ड्यांनी गावातली उघडी गटारं आणि डास कमी केल्याचं उदाहरण आहे. रोजगार हमीतून हे काम घेता येतं का, ते ग्रामरोजगार सेवकाला विचारा. काळ्या रानात पाणी लवकर मुरत नाही, तिथं खड्डा मोठा घ्या किंवा पाणी आळू-केळीला वळवा.

हातात दोन हजारच असतील तर?

तरी थांबू नका. दोन दांडे, एक एलईडी, एक स्टूल आणि खाली छिद्रं असलेली रबरी मॅट घ्या. फरशीवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडरनं घासून काढा आणि भरपूर पाण्यानं धुवा. दाराची कडी बाहेरून निघेल अशी करा. एवढं दोन दिवसांत होतं. बाकीचं पुढच्या सुगीला केलं तरी चालेल.

आई आता काठी घेऊन चालते. नव्या बाथरूममध्ये पहिल्यांदा गेली तेव्हा दांडा धरून उभी राहिली, पाय फरशीवर घासून बघितला आणि म्हणाली, "आता ठीक हाय." ती आधी म्हणत होती तेव्हाच मी ऐकायला पाहिजे होतं. तुमच्या घरात कुणी "पाय निसटतोय" म्हणत असेल, तर आज संध्याकाळी ती एक बादली ओतून बघा.