सेवेचे काम आणि मोबदल्याचा वाद

संस्थेची स्मरणिका निघते तेव्हा कागदवाला, छापखाना, मांडववाला यांची बिले चुकती होतात. मांडणी करणाऱ्या चित्रकाराच्या हाती मात्र शाल-श्रीफळ येते. संस्था गरीब असू शकते, पण सगळ्यांना पैसे आणि एकाकडूनच सेवा, हा अन्यायच आहे. शिवाय त्याने काम सेवा म्हणून केले की मानधनाच्या अपेक्षेने, हे आधी कोणी बोललेलेच नसते. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७० नेमके यावर बोट ठेवते: काम फुकट करण्याचा हेतू नसेल आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला असेल, तर भरपाई द्यावी लागते. उलट, सेवाभावाने केलेल्या कामाचे बिल मागाहून लावता येत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फुकट काढून दिलेल्या बोधचिन्हाचा मालकही सहसा कलाकारच राहतो. हक्क सोपवायचे तर लेखी करार लागतो. प्राप्तिकरात सवलत पैशाच्या देणगीला मिळू शकते, दिलेल्या वेळेला नाही. म्हणून काम हाती घेतानाच साध्या पत्रात काम किती, फेरफार किती वेळा, छपाईचा व प्रवासाचा खर्च कोणाचा आणि नाव कुठे छापायचे, हे लिहून दोघांनी सही करावी.