गाडीची चमक : पॉलिश कमी, धुणे नीट

शिरूर-दौंडकडे आता बऱ्याच घरांपुढे चारचाकी उभी दिसते. त्यातल्या कित्येक हप्त्यावर किंवा सेकंडहँड घेतलेल्या. ईद जवळ आली, घरात निकाह ठरला की प्रश्न निघतो, गाडी चमकवायला काय आणावे? दुकानात बाटल्यांची रांग, सेंटरवाल्याकडे हजारोंचे पॅकेज. खिशात हात घालण्याआधी रंगाचा हिशेब समजून घेऊ.

चमक नेमकी कुठे असते?

आपल्या रांजणगाव एमआयडीसीत तयार होणारी गाडी असो की बाहेरून आलेली, पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही बारीक. चमक याच थराची. कंपाउंड किंवा रबिंग पॉलिश ओरखडे घालवते ते हाच थर घासून. घासलेला थर परत येत नाही. दर ईदला मशीन पॉलिश करणे म्हणजे व्याज नव्हे, मुद्दल खाणे.

आपल्याकडे रंग कशाने जातो?

गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या बाजूला काळी राख उडते. ती कोरड्या फडक्याने पुसली की बारीक ओरखडे पडलेच समजा. दौंड जंक्शनजवळ रुळांलगत रोज उभ्या राहणाऱ्या गाडीवर लोखंडाचे कण बसतात आणि गंजून नारिंगी ठिपके दिसतात. बोअरचे क्षाराचे पाणी उन्हात वाळले की पांढरे डाग धरतात. पक्ष्यांची घाण तर उन्हात क्लिअर कोटच खाते. ती त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढावी.

काय घ्यावे, कशासाठी?

शॅम्पू : गाडीसाठीचाच घ्यावा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वर लावलेले मेण उतरवतो.

मायक्रोफायबर कापड : दोन-तीन असावेत. जुनी बनियन, ओढणी यासाठी नको. खाली पडलेले कापड धुतल्याशिवाय गाडीला लावू नये.

क्ले बार : हात फिरवल्यावर रंग खरखरीत लागला तरच. भरपूर शॅम्पूच्या पाण्यासोबत हलक्या हाताने फिरवावा.

वॅक्स : कार्नौबा हे ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाचे मेण. चमक छान येते, पण आपल्या उन्हात महिना-दोन महिने टिकते.

सीलंट : कृत्रिम रसायनाचे असते आणि काही महिने टिकते. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर हे परवडते.

सिरॅमिक कोटिंग : पाणी आणि धूळ कमी चिकटते, धुणे सोपे होते. पण 'नाईन एच' हे आकडे पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीचे आहेत. नगर रोडवर उडणारा खडा ते थांबवत नाही. खड्यासाठी वेगळी पारदर्शक फिल्म असते, ती बरीच महाग पडते. कोटिंगआधी पॉलिश करतात, म्हणून जुन्या गाडीचा थर किती उरला आहे, हे मीटरने मोजून दाखवायला सांगावे. मोजायला नकार दिला तर दुसरीकडे जावे.

दोन बादल्या पुरतात

पाइप सोडून गाडी धुणे आपल्या दुष्काळी गावांना शोभत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुदभर, म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आत पाण्यात वुजू करत असत, हे आपण मुलांना शिकवतो. मग गाडीवर इसराफ कशाला? आधी तांब्याने पाणी ओतून राख-धूळ सैल करावी. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत कापड खळबळायला साधे पाणी. वरून खाली धुवावे, चाके शेवटी. सावलीत, सकाळी धुवावे आणि लगेच पुसावे, म्हणजे क्षाराचे डाग राहत नाहीत.

सुरुवातीला शॅम्पू, कापडे आणि एक डबी वॅक्स किंवा सीलंट एवढेच घ्या. खोल ओरखडा असेल तेवढ्याच जागी पॉलिश करा. कोटिंगसाठी नवा हप्ता काढू नका. त्यात मुलांच्या पुस्तकांचे पैसे निघतात आणि गाडी विकताना गिऱ्हाईक नीट जपलेला मूळ रंगच आधी बघते.