साठ हजारांची कार्बन चाकं, की आधी टायर? रोड बाइक अपग्रेडचा हिशोब

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत, काही राहिलेत.)

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती, आजचा अख्खा भाग तिच्यावरच आहे. प्रश्न थोडक्यात असा: "माझी एन्ट्री लेव्हल रोड बाइक आहे. ॲल्युमिनियम फ्रेम, आठ स्पीड क्लॅरिस, रिम ब्रेक, कंपनीने दिलेले २५ मिमीचे टायर. वजन माझं ७५ किलो. बोनस आलाय, साठ हजार बाजूला ठेवलेत. सिंहगड चढताना दम निघतो. कार्बन व्हीलसेट घेऊ का?"

आपण ऑफिसमध्ये काय करतो? ॲप स्लो आहे म्हणून कोणी लगेच मोठा सर्व्हर विकत घेत नाही. आधी प्रोफाइल करतो, वेळ नक्की कुठे जातोय ते बघतो. सायकलचंही तसंच करू. गणित बारावीच्या फिजिक्सपलीकडचं नाही, घाबरू नका.

सिंहगडाचा घाट पायथ्यापासून पार्किंगपर्यंत साधारण ९ किलोमीटर, चढाई सहाशे मीटरच्या आसपास. आपला हा मित्र ७५ किलोचा, सायकल, बाटली वगैरे मिळून १० किलो. एकूण ८५. तो सलग १८० वॉट काढतो असं धरू. ठीकठाक राइडरला जमणारा आकडा आहे. नुसतं ८५ किलो सहाशे मीटर वर उचलायला ५०० किलोज्यूल लागतात. त्यात टायरचं घर्षण, थोडी हवा आणि चेनमध्ये जाणारी ताकद मिळवा, की वेळ येते साधारण ५३ मिनिटं.

आता कार्बन चाकं लावू. स्वस्त सायकलची मूळ चाकं जड असतात, त्यामुळे अर्धा किलो वाचला असं उदार मनाने धरू. अर्धा किलो सहाशे मीटर उचलायची ऊर्जा भागिले १८० वॉट. उत्तर १६-१७ सेकंद. साठ हजारांत सतरा सेकंद!

इथे कोणीतरी म्हणणारच, "अरे, पण चाकाचं वजन दुप्पट मोजतात ना?" मोजतात, पण वेग वाढवताना. चाक फिरवायलाही ऊर्जा लागते म्हणून. घाटात तुम्ही दहाच्या एका स्पीडने रडतखडत चढताय, तिथे चाकावरचा एक किलो आणि फ्रेमवरचा एक किलो सारखाच. डीप रिमचा सपाटीवर हवेत थोडा फायदा होतो, ते खोटं नाही. पण प्रश्न घाटाचा होता.

मग टायर. टायर रस्त्यावर दबतो आणि परत फुगतो, त्यात ऊर्जा जाते. जाड, कडक, तारेच्या कडांचा टायर आणि चांगला लवचिक रबराचा टायर यांत हा फरक मोठा असतो. रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक एकाचा ०.००७ आणि दुसऱ्याचा ०.००४ धरला, तर त्याच घाटात, त्याच पायांनी, जवळपास दोन मिनिटं वाचतात. बरं, मी फरक जास्त धरलाय असं वाटत असेल तर अर्धा करा. तरी एक मिनिट! कार्बन चाकांच्या तिप्पट. आणि हा फायदा फक्त चढावर नाही. खडकवासल्याच्या रस्त्यावर ३० च्या स्पीडने जाताना तोच फरक २० वॉटचा होतो.

म्हणून पहिला खर्च टायरवर. फ्रेममध्ये आणि ब्रेकच्या कमानीत बसत असतील तर २८ मिमी. रिम ब्रेकच्या काही सायकलींत २८ घासतो, म्हणून घेण्याआधी जागा मोजा. चाक थोडं डुगडुगलं तरी मोकळं फिरायला हवं.

टायरइतकीच महत्त्वाची हवा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, 'इतकी भरा' असा सल्ला नसतो. आपल्याकडे बरेच जण ११० पीएसआय ठोकतात आणि मग म्हणतात, रोड बाइकने मनगटं दुखतात. दुखणारच. ७५ किलोच्या माणसाने २८ मिमीमध्ये मागे ७०-७५ आणि पुढे पाचेक कमी, इथून सुरुवात करावी. फार कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणजे गेज असलेला फ्लोअर पंप हवाच. अंगठ्याने दाबून 'टाइट आहे' म्हणणं हे मोजमाप नाही.

आणि हो, रोड बाइकला बहुतेक वेळा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. हायवेवरच्या पंक्चरवाल्या काकांचा पाइप त्यावर बसत नाही. एक छोटा पितळी अ‍ॅडॅप्टर मिळतो, नाण्याएवढा. तो व्हॉल्व्हवरच लावून ठेवा. सोबत एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप. हे नसेल तर बाकी कुठल्याही अपग्रेडला अर्थ नाही, कारण तुम्ही रिक्षात सायकल घालून घरी येणार आहात.

आता 'दम निघतो' या भागाकडे येऊ. मला वाटतं खरा प्रॉब्लेम इथे आहे, आणि तो वजनाचा नाही, गिअरचा आहे. पुढे ३४ दात, मागे सगळ्यात मोठं चाक २८ दातांचं असेल, तर दहाच्या स्पीडला पॅडल मिनिटाला ६५ वेळा फिरतं. तीव्र वळणावर स्पीड ७ वर आला की ४६. म्हणजे प्रत्येक पॅडल ही जिममधली लेग प्रेस. मागे ३४ दातांची कॅसेट लावली की हेच आकडे ७९ आणि ५६ होतात. ताकद तेवढीच, पण गुडघे सुटतात. आठ स्पीडची कॅसेट आणि सोबत नवी चेन, खर्च चाकांच्या तुलनेत किरकोळ.

फक्त एक तपासा. मागच्या डिरेलरला किती दातांपर्यंत झेपतं याची मर्यादा असते. मॉडेल नंबर त्याच्या मागे कोरलेला असतो, कंपनीच्या साइटवर टाकला की कळतं. 'बसेल हो' म्हणणाऱ्या दुकानदाराच्या भरवशावर जाऊ नका. उद्या अकरा स्पीड करायचा मोह झाला, तर शिमानोचा रोडचा अकरा स्पीड फ्रीहब जुन्यापेक्षा १.८५ मिमी लांब असतो. मग मागचं चाक, शिफ्टर, डिरेलर, सगळंच बदलत जातं. एक लायब्ररी अपडेट केली आणि अख्खा प्रोजेक्ट बिल्ड व्हायचा थांबला, तसं.

ब्रेकवर जरा थांबतो, कारण इथे सेकंदांचा प्रश्न नाही. चढलेला माणूस उतरतोही. पावसाळ्यात सिंहगडाचा उतार म्हणजे ओला रस्ता, शेवाळ, समोरून येणारी जीप. कार्बन रिमवर रिम ब्रेक पावसात ॲल्युमिनियमपेक्षा कमी धरतात. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला तर रिम तापून खराबही होऊ शकते. त्यांना पॅडही वेगळे लागतात. म्हणजे साठ हजार देऊन आपल्या मित्राचा ब्रेक आजच्यापेक्षा वाईट होईल! त्याऐवजी चांगले ब्रेक पॅड आणि नव्या केबल घ्या. जुने पॅड काढून बघा, रबरात ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसले तर पिनने काढा, ते रिम खातात. रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो. तो पुसला गेला असेल, किंवा रिमची भिंत आत वाकल्यासारखी लागत असेल, तर चाक बदलायचंच. साधं ॲल्युमिनियमचं, पण बदलायचं. झिजलेली रिम हवेच्या दाबाने फाटू शकते.

लाइटबद्दल माझं मत कडक आहे: मागे दोन. एक बंद पडला तर तुम्हाला कळत नाही, मागच्या ट्रकला कळतं. ब्रेव्हे करायचा विचार असेल, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत वगैरे, तर रात्री लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचंच असतं. हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा सीपीएससीचा शिक्का बघा. सेकंडहँड हेल्मेट नको, आत तडा गेलेला बाहेरून दिसत नाही.

बाकी भराभर. पॅडेड शॉर्ट्स घ्या, आणि आत काही घालायचं नसतं (हा प्रश्न दर महिन्याला येतो). फडफडणाऱ्या टी-शर्टपेक्षा अंगाबरोबरची जर्सी हवा कमी अडवते. क्लीटमध्ये एसपीडी घ्या, दोन स्क्रूची. तळात दडलेली असते, त्यामुळे गडावर पिठलं-भाकरी खायला पेंग्विनसारखं चालावं लागत नाही. जीपीएस कॉम्प्युटर नंतर, सध्या फोन मागच्या खिशात पुरतो. चेन मोजायचं गेज मात्र आजच घ्या. आठ स्पीडची चेन ०.७५ टक्के ताणली की बदला, नाहीतर नवी कॅसेटही ती खाऊन टाकते.

सीटची उंची तर फुकट आहे. अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा, ०.८८३ ने गुणा. ८० सेंटीमीटर असेल तर उत्तर ७०.६. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत तेवढं ठेवा आणि आठवडाभर चालवून अर्धा-पाऊण सेंटीमीटर इकडेतिकडे करा. गुडघा तरीही दुखला तर उरलेल्या पैशांतून बाइक फिट करून घ्या. उरणार आहेत, बरेच.

ट्यूबलेसबद्दल खूप जणांनी विचारलंय, तो पुढचा भाग. आणि व्हॉइस नोटवाल्या मित्रा, तुझ्या मागच्या डिरेलरच्या नंबरचा फोटो पाठव, ३४ बसेल का ते बघून सांगतो.