हागी : सत्ता गेली, शहर उरले

जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाजवळ, जपानच्या समुद्राकाठी वसलेले हागी हे शहर एका पराभवातून उभे राहिले. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत मोरी तेरुमोतो हरलेल्या पक्षाचा नामधारी प्रमुख होता. विजयी तोकुगावा इएयासूने त्याचा बहुतेक मुलूख काढून घेतला. हिरोशिमाचा किल्लाही गेला. उरलेल्या दोन प्रांतांच्या कारभारासाठी १६०४ मध्ये त्याने हागीत नवा किल्ला बांधायला घेतला.

नदीच्या दोन फाट्यांमधली सखल जमीन आणि समुद्रात घुसलेली १४३ मीटर उंचीची शिझुकी टेकडी, अशी ही जागा. किल्ला टेकडीच्या पायथ्याशी. खंदकाच्या आत बड्या सरदारांचे वाडे, बाहेर सामान्य सामुराई आणि व्यापारी. काही गल्ल्यांना मुद्दाम काटकोनी वळणे दिली होती. दोन्हीकडे उंच भिंती असल्याने चालून आलेल्या शत्रूला पुढचे काही दिसत नसे. हे कोपरे आजही तसेच आहेत.

देशावर राज्य करणाऱ्या तोकुगावा घराण्याविरुद्धचा रोष मोरींच्या संस्थानात अडीचशे वर्षांनी पेटला. १८५४ मध्ये योशिदा शोइन हा तरुण बंदी मोडून अमेरिकी जहाजातून परदेशी जाण्याच्या प्रयत्नापायी कैदेत पडला. पुढे हागीतल्या एका लहानशा लाकडी घरात तो शिकवू लागला. दर्जा न पाहता विद्यार्थी घेणे, हे त्या काळात धाडसच. १८५९ मध्ये तोकुगावांनी त्याला एदोत (आजचे टोकियो) मृत्युदंड दिला. पण त्याच्याकडे शिकलेला, कनिष्ठ दर्जाच्या घरातला इतो हिरोबुमी १८८५ मध्ये जपानचा पहिला पंतप्रधान झाला.

हागीची सत्ता मात्र आधीच गेली होती. १८६३ मध्ये संस्थानाची राजधानी यामागुचीला हलली आणि १८७४ मध्ये किल्ला पाडण्यात आला. तोकुगावांना हटवून आलेल्या नव्या मेइजी राजवटीत सामुराईंचे तनखेही बंद झाले. १८७६ मध्ये हागीतल्या नाराज सामुराईंना घेऊन माएबारा इस्सेईने केलेले बंड चिरडले गेले. त्याच वर्षी ओबाता ताकामासा या माजी सामुराईने बेकार झालेल्या आपल्या लोकांसाठी ‘नात्सुमिकान’ या आंबटसर संत्र्याची लागवड सुरू केली. ओसाड पडलेल्या वाड्यांच्या आवारात बागा झाल्या. उंच भिंतींनी समुद्रवारा अडवला, आणि बागांच्या गरजेपोटी भिंतीही टिकल्या. मोठे कारखाने आले असते, तर हे सारे पुसले गेले असते. २०१५ मध्ये मेइजी काळातील औद्योगिक क्रांतीची स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्यांत हागीची किल्ल्याभोवतालची जुनी वस्ती आणि शोइनची शाळा आहे.