पारंपरिक धनुष्याची पूर्ण ओढ : ती दर वेळी एकाच जागी कशी येईल?

प्रस्तावना

छत्तीसगडच्या जशपूर-सरगुजा भागातील पहाडी कोरवा, मेळघाटातील कोरकू, नंदुरबारच्या सातपुड्यातील भिल्ल अशा अनेक समाजांत तिरकमठा घरातच असतो. तेथून आलेली मुले-मुली शाळा-महाविद्यालयाच्या मैदानावर बहुतेक वेळा ‘इंडियन राउंड’पासून सुरुवात करतात. त्यात बांबूचे किंवा लाकडाचे धनुष्य असते आणि ५० व ३० मीटरवरून नेम धरायचा असतो. राजस्थानातील भिल्ल समाजाचे लिंबाराम यांनीही लहानपणी बांबूचेच धनुष्य हाती घेतले होते. पुढे १९८८, १९९२ आणि १९९६ या तीन ऑलिंपिकमध्ये ते भारतातर्फे खेळले.

अशा खेळाडूचा नेम चांगला असूनही निवड चाचणीत एक बाण वर, एक खाली असे होते. याचे एक मोठे कारण म्हणजे दर बाणागणिक बदलणारी ओढ. या पाठात आपण तीन गोष्टी पाहू : पूर्ण ओढ म्हणजे काय, ती थोडी चुकली तर बाण किती चुकतो आणि ती स्थिर करण्यासाठी सराव कसा करावा. वर्णन उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट समजावी.

१. पूर्ण ओढ म्हणजे काय?

संस्कृतातील ‘आकर्ण’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. त्याचा अर्थ कानापर्यंत. आजच्या लक्ष्यवेधात दोरी सहसा ओठांच्या कोपऱ्यापाशी किंवा हनुवटीखाली आणतात. जागा परंपरेनुसार बदलते, पण ती ठरलेली असते.

मोजण्यासाठी सोपी व्याख्या अशी : दोरी पूर्ण मागे असताना बाणाच्या खाचेपासून धनुष्याच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे ओढीची लांबी. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर मोजा आणि त्याला २.५ ने भागा. १६५ सेंमी. असेल तर ओढ सुमारे ६६ सेंमी., म्हणजे २६ इंच येते. हा फक्त अंदाज आहे. तुमची खरी लांबी तुमचे खांदे आणि तुम्ही निवडलेली टेकण्याची जागा ठरवते.

पूर्ण ओढ म्हणजे जास्तीत जास्त ओढ नव्हे. जी ओढ तुम्हाला पहिल्या बाणालाही आणि दमल्यावर शेवटच्या बाणालाही तेवढीच आणता येते, ती तुमची पूर्ण ओढ.

२. इतर धनुष्यांत ही अडचण का नसते?

२०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जागतिक विजेते झाले, ते कंपाउंड धनुष्यावर. त्या धनुष्याची चाके एका ठिकाणी अडतात आणि दोरी त्यापुढे जात नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेला सातारा जिल्ह्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्ह धनुष्य वापरतो. त्यावर क्लिकर नावाची पातळ पट्टी असते. बाणाचे टोक पट्टीखालून निसटले की ‘टक्’ असा आवाज येतो आणि ओढ पूर्ण झाल्याचे कळते.

पारंपरिक धनुष्याला अडणारी चाके नाहीत आणि आवाज देणारी पट्टीही नाही. दोरी कुठे थांबवायची हे शरीरानेच ठरवायचे असते. म्हणून शरीरातच पक्क्या खुणा तयार कराव्या लागतात.

३. एका सेंटिमीटरचा हिशेब

समजा दोरी विश्रांतीच्या जागेपासून ५० सेंमी. मागे येते आणि त्या वेळी १४० न्यूटन (सुमारे ३१ पौंड) जोर लागतो. सोयीसाठी जोर ओढीच्या प्रमाणात वाढतो असे धरू.

साठवलेली ऊर्जा = ½ × १४० × ०.५ = ३५ जूल

यातील ६० टक्के ऊर्जा बाणाला मिळते असे मानू, म्हणजे २१ जूल. बाण २५ ग्रॅमचा असेल तर त्याचा वेग सुमारे ४१ मीटर प्रति सेकंद येतो.

ऊर्जा ओढीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग थेट ओढीच्या प्रमाणात बदलतो. धनुष्याचा कोन तोच ठेवून ओढ कमी पडली तर :

- १ सेंमी. कमी : वेग ४०.२ मी./से.; बाण ३० मीटरवर सुमारे ११ सेंमी. आणि ५० मीटरवर सुमारे ३० सेंमी. खाली लागतो.
- २ सेंमी. कमी : वेग ३९.४ मी./से.; बाण ३० मीटरवर सुमारे २२ सेंमी. आणि ५० मीटरवर सुमारे ६२ सेंमी. खाली लागतो.

१२२ सेंमी. व्यासाच्या लक्ष्यफलकावर एका गुणाची पट्टी ६.१ सेंमी. रुंद असते. म्हणजे ५० मीटरवर एका सेंटिमीटरची चूक जवळजवळ पाच गुण घेते, आणि दोन सेंटिमीटरच्या चुकीत मध्यावर रोखलेला बाण फलकाच्याही खाली जातो. हवेचा विरोध येथे धरलेला नाही. तुमच्या धनुष्याचे आकडे वेगळे येतील, पण चुकीचे प्रमाण याच स्वरूपाचे राहील.

४. ओढ का बदलते?

1. धनुष्य झेपत नाही. हे सर्वांत सामान्य कारण आहे. पूर्ण ओढीवर पाच सेकंद न थरथरता थांबता येत नसेल तर हलके धनुष्य घ्या.
2. डावा खांदा वर चढतो. खांदा कानाकडे गेला की हात आखूड होतो आणि ओढ तेवढीच कमी होते.
3. डोके दोरीकडे जाते. दोरी गालाला लागते, म्हणून ओढ पूर्ण झाली असे वाटते. प्रत्यक्षात दोरी मागे आलेली नसते, चेहरा पुढे गेलेला असतो.
4. ओढ फक्त दंडाने होते. दंड लवकर दमतो. पाठीचे स्नायू जास्त वेळ टिकतात.
5. सोडण्याआधी दोरी पुढे सरकते. नेम धरताना लक्ष फलकावर जाते, पाठ ढिली पडते आणि दोरी नकळत सेंटिमीटरभर पुढे येते.

५. ओढीचा क्रम

इंग्लंडमधील रॉजर ॲस्कम यांनी १५४५ च्या आपल्या ग्रंथात उभे राहणे, बाण लावणे, ओढणे, धरून ठेवणे आणि सोडणे अशा पाच पायऱ्या सांगितल्या. जपानच्या क्यूदोमध्येही पूर्ण ओढीवर थांबण्याला ‘काई’ असे स्वतंत्र नाव आहे. ओढणे आणि धरून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे दोन्हीकडे मान्य आहे. तुम्हीही ती वेगळी ठेवा.

1. धनुष्य उचलण्याआधीच चेहरा लक्ष्याकडे वळवा. त्यानंतर डोके हलवू नका.
2. डावा खांदा खाली बसवा आणि हात लक्ष्याच्या दिशेने लांब करा.
3. उजवे कोपर मागे नेत दोरी ओढा. बोटे म्हणजे फक्त आकडा. काम कोपर आणि पाठ करते.
4. दोन खुणा जुळवा. तर्जनी ओठांच्या कोपऱ्याला आणि दोरी नाकाच्या शेंड्याला. एक खूण फसवू शकते, दोन्ही एकदम क्वचितच फसवतात.
5. उजव्या खांद्याचे पाते मणक्याकडे सरकत असल्याचे जाणवू द्या. दोन-तीन सेकंद हा दाब वाढता ठेवा.
6. दाब चालू असतानाच बोटे सैल करा. हात आपोआप मागे गेला तर ओढ टिकली होती. जागीच राहिला किंवा पुढे गेला तर पाठ आधीच ढिली पडली होती.

६. मोजून पाहा

‘आज ओढ चांगली वाटली’ या वाक्याचा फारसा उपयोग नाही. बाणाच्या दांडीवर पूर्ण ओढीच्या जागी रंगीत चिकटपट्टी लावा आणि तिच्या मागे-पुढे अर्ध्या सेंटिमीटरवर बारीक रेघा काढा. सोबत्याला नेमबाजीच्या रेषेमागे, तुमच्या बाजूला उभे करा किंवा मोबाइलवर बाजूने चित्रण घ्या. बारा बाणांत पट्टी धनुष्याच्या कडेशी कुठे थांबली ते लिहून ठेवा.

सुरुवातीला तीन-चार मीटरवरील मोठ्या गवताच्या गठ्ठ्यावर, लक्ष्यफलक न लावता सराव करा. नेमाची काळजी नसली की लक्ष ओढीवर राहते. बारापैकी दहा बाण अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आले की अंतर वाढवा.

फलकावरील खुणाही वाचायला शिका. बाण डावी-उजवीकडे फारसे न पसरता वर-खाली पसरत असतील तर आधी ओढ तपासा, मग दोरीवर बाण लावण्याची आणि बोट टेकण्याची उंची.

७. हवामान आणि धनुष्य

समजा तुम्ही रायपूरजवळच्या उरला येथे सराव करता. मे महिन्यात तेथे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जुलैत हवा दमट होते. बांबूत ओलावा शिरला की त्याचा ताठपणा कमी होतो आणि त्याच ओढीला बाण खाली पडू लागतो. अशा वेळी ओढ वाढवून भरपाई करण्याचा मोह टाळा. ओढ तीच ठेवून नेमाची जागा वर घ्या. ओढही बदलली तर दोष धनुष्याचा की तुमचा, हे कधीच कळणार नाही. धनुष्य उन्हात किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि सराव संपताच दोरी उतरवा.

८. सुरक्षितता

- पूर्ण ओढीवर बाण धनुष्याच्या पुढे किमान दोन-तीन सेंमी. असावा. आखूड बाण मागे घसरला तर तो हातात शिरू शकतो.
- बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. धनुष्य तुटू शकते.
- खांद्यात दुखू लागले तर त्या दिवशीचा सराव थांबवा.

सारांश

पारंपरिक धनुष्यात ओढीची मर्यादा शरीर ठरवते. स्थिर डोके, खाली बसलेला खांदा, चेहऱ्यावरील दोन खुणा आणि न थांबणारा पाठीचा दाब यांमुळे ती मर्यादा पक्की होते, आणि बाणावरील चिकटपट्टी ती खरोखर पक्की झाली की नाही हे दाखवते. ही सवय पुढे रिकर्व्ह धनुष्य हाती आले तरी उपयोगी पडते.

स्वाध्याय

1. वरील उदाहरणात ओढ १ सेंमी. जास्त झाली तर ५० मीटरवर बाण किती वर लागेल, ते काढा.
2. दोरी गालाला लागली तरी ओढ अपुरी कशी राहू शकते?
3. स्वतःच्या बारा बाणांच्या ओढीची नोंद करा. पहिल्या सहा आणि शेवटच्या सहा बाणांत काय फरक दिसतो? त्याचे कारण लिहा.